आपल्या पायाखालचे काळे धन

लहानपणी बॅटरीचे संपलेले सेल आम्ही मुले दगडाने फोडत असू. आतल्या कांडीने भिंतीवर रेघोट्या ओढायच्या आणि काळ्या झालेल्या हातांबद्दल आईची बोलणी खायची. त्या काळ्या भुकटीत मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड असते आणि ते आपल्याच तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग येथे, जमिनीतून निघते, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

अर्थशास्त्राच्या तासाला नायजेरियातील तेलकंपन्यांचा विषय निघाला होता. तेथे १९५६ साली ओलोइबिरी गावी शेल-बीपी या परदेशी कंपनीला तेल सापडले. पुढे १९७७ साली राष्ट्रीय तेल महामंडळ स्थापन झाले. जमीन एकाची, भांडवल दुसऱ्याचे, मग धन कोणाचे? हा प्रश्न ऐकताना मला आफ्रिकेपेक्षा आपला जिल्हाच आठवला.

आपल्याकडे ही कथा साठ वर्षे आधी सुरू झाली. १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली आणि पुढे या भागात मँगनीज काढू लागली. तिचेच नाव पुढे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाले. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील मँगनीजयुक्त खडकाला त्याने ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते गोंड समाजावरून. खडकाला नाव गोंडांचे आणि मालकी मात्र विलायतेची, अशी ती विसंगती होती.

स्वातंत्र्यानंतर २२ जून १९६२ रोजी ‘मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड’, म्हणजेच ‘मॉईल’, स्थापन झाली. तिचे ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश या सरकारांकडे आणि ४९ टक्के जुन्या कंपनीकडे राहिले. हे ४९ टक्केही १९७७ साली सरकारने घेतले. नायजेरियाचे महामंडळही त्याच वर्षीचे, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. डिसेंबर २०१० मध्ये मॉईलचे काही भाग शेअर बाजारात आले. नागपूर, भंडारा व बालाघाट जिल्ह्यांत तिच्या खाणी असून आपल्या जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला या प्रमुख आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी, तर चिखल्याला जमिनीखाली उतरून काम चालते.

मँगनीजचा सर्वांत मोठा ग्राहक पोलाद कारखाना होय. वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू व गंधक यांचा दोष ते दूर करते आणि पोलादास कणखरपणा देते. परंतु नुसता दगड विकणाऱ्यापेक्षा त्यापासून फेरोमँगनीज करणाऱ्याला अधिक मोल मिळते. त्या दृष्टीने डोंगरी बुजुर्ग येथे १९९१ साली सुरू झालेला, सेलसाठी शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करणारा कारखाना मला महत्त्वाचा वाटतो. दगड गावातून बाहेर जाण्याआधीच त्याची किंमत वाढते आणि त्याबरोबर गावात कामही वाढते.

तथापि, मालक बदलला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. खनिज एकदाच निघते, शेतासारखे दरसाल पिकत नाही. म्हणून २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. जुन्या खाणपट्ट्यांच्या धारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम त्यात वेगळी भरायची, आणि ती खाणीची झळ पोचलेल्या गावांच्या पाणी, आरोग्य व शिक्षणावर खर्च व्हायची आहे.

येथे आपला, म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा, संबंध येतो. खाण खोदायला अभियंता लागतो, पण ग्रामसभेत उभे राहून ‘आमच्या गावासाठी किती आले, किती खर्च झाले?’ असे विचारायला कायदा वाचू शकणारा माणूस लागतो. आमच्या घरात असा कागद वाचणारा मीच पहिला. लहानपणी त्या भुकटीने हात काळे झाले, तेव्हा ती काय आहे हे ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले आहे, तेव्हा गप्प बसणे बरे नव्हे.