थुंकीतून वंशावळ शोधताना

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये डीएनए चाचणीचे डबे सवलतीत मिळतात आणि न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून ते हौसेने घेतले जातात. मी त्यात जरा जास्तच रमलो, त्यामुळे नवीन कोणी डबा आणला की फोन मला येतो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

१. टक्क्यांसाठी चाचणी करू नका. अहवाल उघडला की आधी रंगीत नकाशा दिसतो आणि लोक तिथेच अडकतात. कंपनी आपला डीएनए पूर्वजांशी नव्हे, तर आज हयात असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघते. त्यात युरोपीय वंशाचे लोक भरपूर, आपल्याकडचे कमी. म्हणून आयरिश शेजाऱ्याला थेट त्याच्या आजोबांचा परगणा कळतो आणि साताऱ्याच्या माणसाची ‘दक्षिण भारत’ किंवा ‘पश्चिम भारत’ एवढ्यावर बोळवण होते. नमुने वाढले की आकडेही बदलतात. सख्ख्या भावंडांचेही जुळत नाहीत, कारण आईवडिलांकडून प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळे तुकडे येतात.

२. गोत्र, कुलदैवत, शहाण्णव कुळी यातलं काहीही त्या थुंकीच्या नळीत सापडत नाही. रक्ताच्या शुद्धतेच्या गप्पा फार रंगल्या तर मी २००९ सालचा ‘नेचर’मधला शोधनिबंध पुढे करतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि लालजी सिंग, हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात दाखवलं की भारतातले बहुतेक समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या सरमिसळीतून आले आहेत, प्रमाण तेवढं कमीजास्त. ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाली आणि मग आपापल्यातच लग्नं करायची रीत पडली, असं त्यांच्याच २०१३ च्या निबंधात आलं. इतकं ऐकवल्यावर विषय बहुधा जेवणाकडे वळतो.

३. पैसे एकाच डब्यापुरते असतील तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची चाचणी करा. आजोबांचा निम्मा डीएनए आत्याकडे आहे, माझ्याकडे जेमतेम पाव. आत्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली तेव्हा तिलाच बसवलं. नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आणि आत्याची मिश्री म्हणजे श्वासच. तो अर्धा तास तिने मला जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. म्हाताऱ्या माणसांचं तोंड कोरडं पडतं. गाल बाहेरून चोळायला सांगा, आणि नळीतला फेस मोजू नका, रेघेपर्यंत थुंकी यायला हवी. बाईमाणसाकडे वाय गुणसूत्र नसतं, तेव्हा बाप-आजा-पणजा अशी सरळ पुरुषांची रेषा हवी असेल तर काका किंवा चुलतभाऊ गाठावा लागतो.

४. अहवालात डीएनए जुळणाऱ्या लोकांची यादीही येते. तिच्यात दिसणारं नातं जसंच्या तसं धरू नका. किती सेंटीमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांच्या मापाचं एकक) डीएनए सामाईक आहे त्यावरून कंपनी नात्याचा अंदाज बांधते, आणि त्यामागचा हिशेब दोन माणसांत एकाच वाटेने नातं असेल असं धरून चालतो. आपल्याकडे अनेक घरांत मामाची मुलगी करायची पद्धत. मग एकच माणूस सासरा आणि मामाही, आणि तेच तुकडे दोन्हीकडून उतरतात. अशा घरांत लांबचं नातं कागदावर जवळचं दिसतं. आमच्या यादीतले बरेच ‘चुलत-चुलत’ भाऊ प्रत्यक्षात आणखी दोन पिढ्या लांबचे निघाले.

५. वंशावळीत ज्या जागा रिकाम्या आहेत, तिथेच ही चाचणी खरी कामाला येते. या जागा बहुतेक बायकांच्या असतात. आमच्या वंशावळीत पणजोबांच्या खाली चार मुलगे नावानिशी आहेत आणि शेवटी फक्त ‘कन्या २’. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की मुलीचं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायचं, मग कागदावरून माग लागणार कसा? आत्याच्या यादीत टोरंटोच्या एका बाईंचं नाव बरंच वर आलं. मी निरोप टाकला. त्यांना आजीचं माहेर ठाऊक नव्हतं. ती कृष्णाकाठची होती एवढंच त्यांच्या आईने सांगितलेलं. आजीची काही भांडी आहेत का, असं मी विचारलं. एका पितळी तांब्याचा फोटो आला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं माझ्या पणजोबांचं नाव, गाव आणि ‘कडून’. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालायच्या पद्धतीला आजवर मी नावं ठेवत आलो होतो! नुसत्या तांब्यावर हे नातं सिद्ध झालं नसतं आणि नुसत्या सेंटीमॉर्गनवर पणजोबांपर्यंत पोचता आलं नसतं.

६. जुन्या वंशावळीत दत्तकविधानं असतात, तेव्हा कागद एक बोलेल आणि डीएनए दुसरं. भाऊबंदांतून दत्तक घेतलं असेल तर वाय गुणसूत्र जुळतंही; मुलीचा मुलगा घेतला असेल तर नाही. हे झालं जुनं. हयात माणसांबाबत काही निघालं तर प्रकरण नाजूक, म्हणून नळी हातात देण्याआधीच विचारून ठेवा: नको ते कळलं तर सांगू की नको? आत्या म्हणाली, “सांग, पण वहिनीसमोर नको.”

७. आपला डीएनए एकट्याचा नसतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला ‘गोल्डन स्टेट किलर’ हा खुनी सापडला तो लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या माहितीवरून. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून कच्ची माहिती स्वतःकडे उतरवून घ्या आणि नमुना नष्ट करायला कळवा. संशोधनाच्या संमतीची खूण नीट वाचा, ती घाईघाईत दाबली जाते. माझं खातं मी बंद केलं. आत्याचं तिच्या परवानगीने चालू ठेवलंय, कारण दुसऱ्या कन्येकडचं कोणी अजून यादीत आलेलं नाही.