सातारा-सांगलीचे वनधन : रक्षण, पर्यटन आणि गावांचा वाटा

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेल्यास शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात निसर्गाची दोन टोके दिसतात. महाबळेश्वर, कोयना या भागात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांना पाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर भागवावे लागते. एकीकडे सदाहरित अरण्य, तर दुसरीकडे खुरटे गवत आणि बोरी-बाभळींचे माळ. पश्चिमेला गवा, शेकरू व धनेश यांचे वसतिस्थान आहे, तर पूर्वेकडील तलावांवर हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरतात. कोयना-चांदोलीचे अरण्य, कासचे पठार, सागरेश्वरचे अभयारण्य आणि मायणीचा पाणपक्ष्यांचा परिसर ही या दोन जिल्ह्यांची वनसंपदा होय.

ही संपदा राखण्याचे काम कायद्याने सुरू होते, परंतु ते पूर्णत्वास जाते सभोवतालच्या गावांच्या सहभागाने. या दोन जिल्ह्यांत गेल्या पन्नास वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांतून हीच गोष्ट पुनःपुन्हा सिद्ध झाली आहे.

जगाचा अनुभव

राष्ट्रीय उद्यानाची कल्पना जगात प्रथम १८७२ साली अमेरिकेतील यलोस्टोन येथे साकार झाली. निसर्गाचा मोठा प्रदेश शासनाने राखून ठेवावा आणि लोकांनी तो पाहावयास यावे, असे तिचे स्वरूप होते. तथापि त्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या वावरणाऱ्या मूळ रहिवाशांना त्या कल्पनेत स्थान नव्हते. पुढे अनेक देशांनी हाच नमुना स्वीकारला आणि सर्वत्र एकच प्रश्न उभा राहिला : ज्यांच्या दाराशी जंगल आहे, त्यांना या रक्षणातून काय मिळणार?

आफ्रिकेतील नामिबियाने १९९६ साली कायदा करून ग्रामसमूहांना आपल्या क्षेत्रातील वन्यजीवांच्या व्यवस्थापनाचा व त्यापासूनच्या उत्पन्नाचा अधिकार दिला. पर्वतीय गोरिलांसाठी प्रसिद्ध असलेल्या रवांडाने २००५ पासून उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नाचा पाच टक्के भाग शेजारच्या गावांच्या विकासासाठी देण्यास प्रारंभ केला आणि २०१७ मध्ये तो दहा टक्क्यांवर नेला. जंगलापासून लाभ होतो असे दिसल्यावर जंगलाचे राखणदार वाढतात, हा या देशांचा अनुभव आहे.

भारतात १९७२ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. महाराष्ट्रात आज सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. त्यांपैकी पाच विदर्भात असून पश्चिम महाराष्ट्रातील एकमेव प्रकल्प म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प.

कोयना आणि चांदोली

कोयना अभयारण्याची व चांदोली अभयारण्याची घोषणा १९८५ साली झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जानेवारी २०१० मध्ये ही दोन्ही क्षेत्रे मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. गाभा व बाह्य क्षेत्र मिळून त्याचा विस्तार सुमारे ११६५ चौरस किलोमीटर असून तो सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरला आहे.

या अरण्याचे महत्त्व केवळ वाघापुरते नाही. कोयनेचा शिवसागर जलाशय १०५ अब्ज घनफुटांचा आणि वारणेवरील चांदोलीचा वसंतसागर जलाशय ३४ अब्ज घनफुटांचा आहे. या दोन्ही जलाशयांचे पाणलोट क्षेत्र या वनाने झाकलेले आहे. डोंगरउतारावरची माती झाडांच्या मुळांनी धरून ठेवली नाही, तर ती गाळ होऊन धरणात येते व साठा कमी होतो. कोयना कराडजवळ कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे मिळते. म्हणजे कराडचा ऊस, सांगलीची हळद आणि कोयनेची वीज या तिन्हींची मुळे या जंगलात आहेत. वाघाचे रक्षण म्हणजे या पाण्याचे रक्षण, हे सूत्र शाळेतील विद्यार्थ्यालाही समजण्याजोगे आहे.

वाघापूर्वी गवत

कोयनेच्या काठावरील वासोटा किल्ल्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. या डोंगरांत वाघाचा वावर जुना आहे, हे त्या नावावरूनच कळते. तरीही व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यावर कित्येक वर्षे येथे वाघ क्वचितच आढळला. मे २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्याने एका वाघाचे छायाचित्र टिपले. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एक वाघ नोंदला गेला. कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प, गोव्याच्या सीमेवरील वने, राधानगरी व चांदोली अशा वाटेने नर वाघ उत्तरेकडे येतात. नर वाघ नव्या प्रदेशाच्या शोधात दूरवर भटकतो, वाघीण मात्र सहसा जन्मस्थानाच्या जवळपास राहते. परिणामी वाघ आले, परंतु त्यांची वंशवृद्धी झाली नाही.

यावर उपाय म्हणून विदर्भातून आठ वाघ आणण्याच्या योजनेस केंद्र शासनाची अनुमती मिळाली. या मालिकेतील पहिली वाघीण नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून चांदोलीत आणण्यात आली. तिला प्रथम कुंपणबंद आवारात ठेवून नवीन भूप्रदेशाची सवय होऊ देण्यात आली व नंतर मुक्त करण्यात आले. राजस्थानातील सारिस्का येथे २००८ पासून व मध्य प्रदेशातील पन्ना येथे २००९ पासून असेच प्रयोग झाले आहेत. दोन्ही ठिकाणचे वाघ नामशेष झाले होते. आज तेथे पुन्हा वाघांची पिढी नांदत आहे.

तथापि वाघ आणून सोडणे हा या कार्याचा शेवटचा टप्पा आहे. एका वाघाला वर्षाला सुमारे पन्नास मोठी जनावरे भक्ष्य म्हणून लागतात. कळप न घटता इतकी शिकार सातत्याने मिळावयाची, तर त्याच्या क्षेत्रात सुमारे पाचशे तृणभक्षक असावे लागतात. सह्याद्रीचे घनदाट रान दिसावयास समृद्ध असले, तरी गर्द छायेखाली गवत फारसे उगवत नाही आणि गवताअभावी हरणे वाढत नाहीत. म्हणून झोळंबीच्या सड्यासारखी पठारे आणि उठलेल्या गावांची जुनी शेते ही येथील मोलाची कुरणे आहेत. त्यांत झुडपे माजू न देणे, गवत राखणे व उन्हाळ्यात पाणवठे टिकविणे हे काम वनरक्षक व वनमजूर वर्षानुवर्षे करीत असतात. आधी गवत, मग हरीण आणि त्यानंतर वाघ, असा हा क्रम आहे.

सागरेश्वरचे देणे

या क्रमात सांगली जिल्ह्यातील एका लहानशा अभयारण्याचा वाटा आहे. यशवंतराव चव्हाण यांच्या देवराष्ट्रे या जन्मगावाजवळ सागरेश्वरचे डोंगर आहेत. प्राचीन मंदिरसमूहासाठी हा परिसर प्रसिद्ध होता, परंतु सभोवतालचे डोंगर बोडके होते. मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी या उजाड डोंगरावर वन उभे करण्याचा ध्यास घेतला. लोकांचे श्रम आणि वनखात्याचे साह्य यांतून झाडे लागली, चराई थांबली, कुंपण झाले आणि पुढे हरणे सोडण्यात आली. १९८५ मध्ये सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रास अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज ते यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने ओळखले जाते.

येथे चितळ, सांबर व काळवीट वाढले, इतके की क्षेत्र अपुरे पडू लागले आणि कुंपणाबाहेर पडलेल्या हरणांमुळे शेजारच्या पिकांचे नुकसान होऊ लागले. दुसरीकडे चांदोलीला तृणभक्षकांची गरज होती. तेव्हा सागरेश्वरची हरणे चांदोलीत नेऊन सोडण्याचा मार्ग अवलंबिण्यात आला. अवर्षणग्रस्त भागातील ग्रामस्थांनी माळावर जोपासलेले वन अशा रीतीने सह्याद्रीतील वाघाच्या उपयोगी पडले.

कासचा धडा

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कासचे पठार हा जांभा दगडाचा विस्तीर्ण सडा होय. मातीचा थर जेमतेम काही बोटे. अशा जमिनीत मोठे झाड मूळ धरीत नाही. म्हणूनच पावसाळ्याच्या अखेरीस येथे गेंद, तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, सात वर्षांनी बहरणारी टोपली कारवी अशा लहानग्या वनस्पतींचे राज्य असते. साताऱ्याचेच नाव शास्त्रीय नामात धारण करणारा वायतुरा येथील पाणथळ खळग्यांत फुलतो. २०१२ साली पश्चिम घाटातील निवडक स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश झाला.

कीर्तीबरोबर गर्दी आली. मोटारी पठारावर चढू लागल्या, फुले तुडविली जाऊ लागली. तेव्हा कास, एकीव, आटाळी, कुसुंबी आदी गावांच्या वन व्यवस्थापन समितीने वनखात्याच्या मार्गदर्शनाखाली व्यवस्था हाती घेतली. दिवसाच्या पर्यटकांची संख्या मर्यादित करण्यात आली, आगाऊ नोंदणी व प्रवेशशुल्क सुरू झाले, वाहनतळ दूर नेण्यात आला. गावच्या तरुण-तरुणींना वाटाड्या व रक्षक म्हणून हंगामी काम मिळाले.

येथील दुसरा अनुभव अधिक बोधप्रद आहे. फुलांच्या रक्षणासाठी पठाराला जाळीचे कुंपण घालण्यात आले व गुरांची चराई बंद झाली. पुढे असे दिसून आले की, चराई थांबल्याने उंच गवत माजले व त्याखाली लहान फुलझाडे दबू लागली. गुरांचे माफक चरणे हा त्या निसर्गव्यवस्थेचाच भाग होता. अखेर कुंपण काढण्याचा निर्णय झाला. माणसाचा प्रत्येक वावर हानिकारक नसतो. कोणता वावर जमिनीला मानवतो, हे तेथील गुराख्याला ठाऊक असते व त्याचे म्हणणे आराखडा करताना विचारात घेणे अगत्याचे असते.

तलावावरचे पाहुणे

खटाव तालुक्यातील मायणीचा तलाव ब्रिटिश काळातील. पिकांसाठी बांधलेल्या या तलावावर हिवाळ्यात रोहित, चक्रवाक व अन्य पक्षी येऊ लागले आणि मायणीचे नाव पक्षीप्रेमींच्या मुखी झाले. कालांतराने गाळ साचला, पाणी आटू लागले आणि पक्षी जवळच्या येरळवाडीसारख्या तलावांकडे वळले. पक्ष्यांना उथळ पाणी, चिखल व शांतता हवी असते. तलाव अगदी कोरडा पडल्यास ते येत नाहीत, काठ दगडांनी बांधून खोल केल्यासही येत नाहीत. २०२१ मध्ये मायणी परिसरातील पाणथळ जागांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. या जागा मुख्यतः गावांच्या शिवारात असल्यामुळे गाळ कोठे काढावा व कोठे ठेवावा, याचा विचार जलसंधारणाच्या कामातच व्हावयास हवा.

ज्यांनी गावे सोडली

या सर्व यशाचा हिशेब मांडताना एक बाजू विसरता येणार नाही. कोयना धरणासाठी अनेक गावे पाण्याखाली गेली. चांदोलीत आधी धरणासाठी व नंतर अभयारण्यासाठी लोकांनी घरे, शेते आणि देवळे सोडली. पुनर्वसित वसाहतींतील जमीन, पाणी व नागरी सुविधांचे प्रश्न दीर्घकाळ रेंगाळले व त्यासाठी लोकांना आंदोलने करावी लागली. जी गावे सीमेवर राहिली, त्यांच्या भातात गवे व रानडुकरे शिरतात. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात बिबट्या उसातच वाढतो आहे. संरक्षणाचा लाभ अवघ्या राज्याला आणि भार मात्र काही गावांना, अशी स्थिती फार काळ राहिल्यास कोणतेही अरण्य सुरक्षित राहणार नाही.

म्हणूनच पर्यटनाचा विचार गावांच्या उत्पन्नाच्या अंगाने व्हावयास हवा. बामणोली येथून वासोट्याकडे जाणाऱ्या लाँच स्थानिक लोक चालवितात. ज्या जलाशयात त्यांची जमीन गेली, त्यानेच त्यांना उपजीविका दिली आहे. चांदोलीच्या प्रवेशमार्गावरील गावांतही निवास, भोजन व वाटाड्याचे काम गावकऱ्यांकडेच राहिले, तर पर्यटकाचा पैसा तेथेच थांबेल. व्याघ्र प्रकल्पांच्या बाह्य क्षेत्रातील गावांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना हे याच दिशेचे पाऊल होय.

पंचायती व शाळा यांचे कार्य

जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ही नोंदवही कपाटात बंद राहू नये. गावची देवराई, गायरान, पाणवठे, गव्यांच्या वाटा, पक्ष्यांच्या येण्याचे महिने यांची नोंद तीत असल्यास रस्ता, तलाव वा पवनचक्कीचे काम निघताना तिचा उपयोग होतो. पीक वा जनावरांचे नुकसान झाल्यास वनकर्मचाऱ्यांस तात्काळ कळवून पंचनामा करून घेण्यास शेतकऱ्याला साह्य करणे, हेही पंचायतीचे काम होय. उसात बिबट्याची पिल्ले आढळल्यास त्यांना हात न लावता, गर्दी न जमविता १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे. मादी बहुधा जवळपासच असते व संधी मिळताच पिल्ले घेऊन जाते.

शिक्षकांना तर हे दोन जिल्हे म्हणजे उघडे पुस्तकच आहे. पश्चिमेच्या शाळेने सागरेश्वर व मायणी पाहावे, पूर्वेच्या शाळेने कास व चांदोली पाहावे. आपल्या विहिरीतील पाणी कोणत्या डोंगरावरून आले, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधावे. सहलीतून परतताना त्याने फूल न तोडता त्याचे नाव वहीत लिहून आणले, तर ती सहल सार्थकी लागली असे समजावे.

चांदोलीत आलेली वाघीण तेथे स्थिरावेल की नाही, हे पुढील काही वर्षांत कळेल. ते जितके गवतावर व हरणांवर अवलंबून आहे, तितकेच मणदूर, बामणोली यांसारख्या गावांतील लोकांच्या समाधानावरही अवलंबून आहे. शासन, पंचायत आणि शाळा यांनी आपापला वाटा उचलल्यास व्याघ्रगडाचे नाव पुन्हा अन्वर्थक होण्यास विलंब लागणार नाही.