नाकावर राग, हाती गाडी

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बाविशीतल्या एका मुलाला दवाखान्यात आणले. घरी वडिलांशी वाद झाला आणि हा मोटारसायकलला किक मारून निघाला. वाटेत एका जीपवाल्याने कट मारला, म्हणून त्याला गाठायला गेला. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. मांडीचे हाड मोडले, जीव वाचला. वडील बाहेर बाकावर बसून एकच म्हणत होते, "डॉक्टर, मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं."

राग आला की शरीरात अॅड्रेनॅलिन वाढते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठतात. ही तयारी मारामारीची. गाडी चालवण्याची नव्हे. लक्ष पुढच्या गाडीवर खिळते आणि रस्ता ओलांडणारे पोर समोर असूनही ध्यानात येत नाही.

आता हिशेब पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला 20 मीटर लागतात. एकूण 37 मीटर. पावसात याहून जास्त. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. आणि फायदा किती? 30 किलोमीटरचा प्रवास 60 ऐवजी 70 च्या वेगाने केला, तर वाचतात जेमतेम चार मिनिटे!

केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांतील सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत.

वाचकांनी एवढे पाळावे :

1. भांडणानंतर लगेच गाडी काढू नका. पाणी प्या, पंधरा मिनिटे बसा.

2. कोणी कट मारला तर त्याला जाऊ द्या. पाठलाग करू नका.

3. पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवा, पावसात दुप्पट.

4. हेल्मेट पट्टा लावूनच घाला.

5. अपघात दिसल्यास 108 ला फोन करा. जखमीची मान हलवू नका. मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण आहे, घाबरू नका.

तो मुलगा आता काठी टेकत चालतो. त्या घरात वाद झाला की आई आधी गाडीची किल्ली पदराला बांधते. वाद अजूनही होतात. किल्ली मात्र राग उतरल्यावरच मिळते.