पाडलेल्या काँक्रीटची खडी : गोठ्याच्या कोब्यासाठी वापर

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरात जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम सर्वत्र चालू आहे. ठाण्यात वागळे इस्टेटजवळील किसननगरसारख्या भागांत समूह पुनर्विकासाची योजना हाती घेण्यात आली आहे. या पाडकामातून निघणारा राडारोडा डंपरमधून शहराबाहेर येतो आणि शिळफाटा, दिवा, भिवंडी, टिटवाळा या बाजूच्या शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोहोचतो. "फुकट भराव टाकून देतो" असे डंपरवाले सांगतात. अशा वेळी कोणता माल नाकारावा, कोणता घ्यावा आणि घेतलेला माल कोठे वापरावा, याची माहिती शेतकरी बंधूंना असणे आवश्यक आहे.

भातखाचरात भराव घेऊ नये

राडारोड्यात काँक्रीटबरोबर विटा, प्लास्टर, काच, फरशीचे तुकडे, प्लास्टिक, रंग व सिमेंटचे पत्रे असतात. खाचरात असा भराव एकदा पडला की वरचा सुपीक थर कायमचा गाडला जातो, चिखलणी करता येत नाही आणि शेजाऱ्याच्या खाचरातील पाण्याचा निचराही अडतो. भराव फुकट मिळतो, परंतु तो काढून टाकण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच माथी येतो. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, तिवरांच्या जंगलात व त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात भराव टाकण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली मनाई केली आहे.

मात्र या राडारोड्यातील निवडक काँक्रीट उपयोगी आहे. ते फोडून त्याची खडी करता येते. दिल्लीत बुराडी येथे 2009 मध्ये अशा प्रक्रियेचा देशातील पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. मुंबई महानगरपालिकेनेही शिळफाट्याजवळ डायघर येथे रोज 600 टन क्षमतेचा प्रकल्प उभारला आहे. केंद्र शासनाच्या 2016 च्या नियमांनी दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांवर काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक आणि विटा वेगवेगळ्या ठेवण्याची जबाबदारी टाकली. शेतकऱ्याने माल घ्यायचा झाल्यास असा वेगळा केलेला काँक्रीटचाच घ्यावा.

ही खडी वेगळी का?

आपल्या भागातील खाणीची खडी काळ्या पाषाणाची असते. हा दगड घट्ट असल्याने साधारणपणे शेकडा 2 पेक्षा कमी पाणी शोषतो. काँक्रीट फोडून केलेल्या खडीत आतला दगड तोच असला तरी त्याला जुने सिमेंट-रेतीचे मिश्रण चिकटलेले असते. हे मिश्रण सच्छिद्र असते. त्यामुळे ही खडी वजनाला हलकी भरते, पाणी जास्त पिते आणि तिच्यापासून केलेल्या काँक्रीटची ताकद थोडी कमी येते.

भारतीय मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीत अशा खडीच्या वापरास मर्यादा घालून परवानगी देण्यात आली आहे. ती अशी :

1. सळईच्या काँक्रीटमध्ये शेकडा 20 पर्यंत व तेही एम-25 प्रतीपर्यंतच.
2. बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये शेकडा 25 पर्यंत.
3. एम-15 पेक्षा कमी प्रतीच्या हलक्या काँक्रीटमध्ये शेकडा 100, म्हणजे संपूर्ण खडी जुन्या काँक्रीटची चालते.

शेतावर हाताने फोडलेल्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नसते. म्हणून शेतकऱ्याने सळईच्या कामाच्या वाटेला जाऊच नये. कोब्याचा खालचा थर ही या खडीची योग्य जागा होय.

माल कसा निवडावा?

स्लॅब, बीम किंवा खांब यांचे करडे, टणक तुकडे घ्यावेत. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज येणारे, नखाने किंवा खिळ्याने खरवडले असता भुगा पडणारे तुकडे टाकून द्यावेत. पुढील वस्तू कटाक्षाने वेगळ्या काढाव्यात :

- पांढरे मऊ तुकडे, म्हणजे पी.ओ.पी. किंवा जिप्समचे छत. त्यातील सल्फेटची सिमेंटशी क्रिया होऊन काँक्रीट फुगते व तडकते.
- सिमेंटचे जुने पत्रे. यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ते फोडू नयेत, कारण त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.
- रंग, डांबर किंवा तेल लागलेले तुकडे, तसेच लाकूड व प्लास्टिक.
- रासायनिक कारखान्याच्या पाडकामातील कोणताही माल.

खाडीकाठच्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये क्षार असू शकतात. क्षारामुळे सळई गंजते, म्हणून सळईच्या कामापासून ही खडी दूर ठेवण्याचे हे आणखी एक कारण आहे.

फोडणे व चाळणे

फोडण्यापूर्वी तुकड्यांवर पाणी मारावे, म्हणजे धूळ उडणार नाही. काम करणाऱ्याने डोळ्यांना चष्मा लावावा व नाकातोंडावर ओले फडके बांधावे. निघालेली सळई भंगारात विकावी. तुकडे 20 ते 25 मि.मी. आकाराचे करावेत आणि माल सुमारे 5 मि.मी. च्या जाळीवर चाळावा. खाली पडणारा बारीक चुरा सर्वांत जास्त पाणी शोषतो. तो काँक्रीटमध्ये न घालता वाटेच्या भरावात वापरावा. हा चुरा चुन्यासारखा समजून शेतात पसरू नये. खडीचा ढीगही विहीर व रोपवाटिकेपासून दूर ठेवावा, कारण त्यावरून वाहणारे पाणी अल्कधर्मी असते.

पाणी शोषणाची सोपी चाचणी

उन्हात चांगली वाळवलेली 2 किलो खडी बादलीभर पाण्यात 24 तास भिजत ठेवावी. नंतर कोरड्या फडक्याने वरचे पाणी टिपून पुन्हा वजन करावे. वजन 2 किलो 100 ग्रॅम भरल्यास शोषण शेकडा 5 झाले. 5 ते 10 च्या दरम्यान शोषण असल्यास खडी आधी भिजवूनच वापरावी. 10 पेक्षा जास्त आल्यास तो माल काँक्रीटला घेऊ नये.

भिजवणे किती महत्त्वाचे आहे ते पाहा. 1:4:8 या प्रमाणात सिमेंटच्या एका गोणीला सुमारे 350 किलो खडी लागते. शेकडा 5 शोषणाची कोरडी खडी घातल्यास ती 17 लिटरपर्यंत पाणी पिते. या मिश्रणाला एका गोणीमागे एकूण 45 लिटरपेक्षा अधिक पाणी घालावयाचे नसते. काला कोरडा पडू लागला की गवंडी अंदाजाने पाणी ओततो आणि तेथेच काँक्रीट कमजोर होते. यासाठी शोषण 5 पेक्षा कमी आले तरी खडी आदल्या दिवशी भिजवून गोणपाटाने झाकावी व वरचे पाणी निथळल्यावर वापरावी.

सहा गाईंच्या गोठ्याचा कोबा

एका गाईस 3.5 चौ.मी. याप्रमाणे सहा गाईंना 21 चौ.मी. जागा लागते. जमीन धुम्मसाने ठोकून त्यावर 15 सें.मी. दगड-मुरमाची पाथरण करावी. विटांचे टणक रोडे येथे वापरता येतात. त्यावर पुढील दोन थर द्यावेत.

खालचा थर : जाडी 10 सें.मी., प्रमाण 1:4:8, संपूर्ण खडी जुन्या काँक्रीटची. यासाठी सिमेंट 7 गोण्या, रेती 35 घनफूट व खडी 70 घनफूट लागते.

वरचा थर : जाडी 5 सें.मी., प्रमाण 1:2:4, खाणीची 12 मि.मी. पर्यंतची खडी. यासाठी सिमेंट सुमारे 7 गोण्या, रेती 16 घनफूट व खडी 32 घनफूट लागते.

वरचा थर खुरांचा घास, मूत्र व रोजचे धुणे सोसतो. म्हणून त्यात बचत करू नये. एवढ्या कामाला एरवी खाणीची सुमारे एक ब्रास खडी लागली असती. येथे ती 32 घनफुटांवर येते.

मोजमापासाठी 40 सें.मी. लांब, 35 सें.मी. रुंद व 25 सें.मी. उंच लाकडी पेटी करावी. ती भरली की सिमेंटच्या एका गोणीइतके माप होते. घमेल्याच्या अंदाजावर विसंबू नये. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात माल पसरून ठोकावा. मोरीकडे 40 ते 60 फुटांस एक फूट उतार ठेवावा. जनावर घसरू नये म्हणून पृष्ठभाग खरखरीत ठेवून त्यावर रेघा ओढाव्यात. गोणपाट टाकून निदान 10 दिवस पाणी मारावे. हे काम भातकापणीनंतर व पावसापूर्वी उरकावे.

खळे किंवा अंगण 1:2:4 प्रमाणात करावयाचे असल्यास खडीच्या चार मापांपैकी एकच माप जुन्या काँक्रीटचे घ्यावे.

कोठे वापरू नये?

घराचे खांब, तुळई व स्लॅब, पाण्याची टाकी, विहिरीचे कडे, गोबरगॅसची टाकी आणि गव्हाणीचा आतला भाग यांसाठी हाताने फोडलेली ही खडी वापरू नये.

थोडक्यात, मिसळलेला राडारोडा दारातच नाकारावा. निवडलेले काँक्रीट घेतल्यास ते फोडावे, चाळावे, भिजवावे आणि खालच्या थरातच घालावे. एवढी काळजी घेतल्यास शेतकरी बंधूंचा खडीचा खर्च वाचेल आणि भाताचे खाचरही भराव्याखाली जाण्यापासून वाचेल.