शाफ्टला सहा बाजू, चाकाला आठ दाते

रोझो, मिनेसोटा

चिरंजीवास,


ब्रेक दाबला की बुडाखालून ‘कडाक, कडाक’ असा आवाज येतो, एवढ्या वर्णनावरून मामाला तुझ्या जुन्या स्नोमोबिलचं दुखणं कळलं. ट्रॅक म्हणजे गाडीखालचा रबरी पट्टा, आणि ड्रायव्हर म्हणजे तो ओढणारं प्लॅस्टिकचं दातेरी चाक. ट्रॅकच्या आतल्या रबरी उंचवट्यांवरून ड्रायव्हरचे दाते निसटतात, तेव्हा हा आवाज होतो. इथले मेकॅनिक त्याला रॅचेटिंग म्हणतात.

पहिल्यांदा ट्रॅकचा ताण तपास. पट्टा सैल असेल तर नवेकोरे ड्रायव्हरही निसटतील. पण आवाज बंद व्हावा म्हणून पट्टा वाट्टेल तसा आवळू नकोस. फार ताणलेला ट्रॅक बेअरिंगं लवकर खातो आणि इंजिनाची ताकदही खातो. ताण ठीक असूनही आवाज येत असेल, तर टॉर्च घेऊन खाली वाकून बघ: दाते बोथट झालेत का, एखादा तुटलाय का, आणि ट्रॅकच्या आतले उंचवटे फाटलेत का. उंचवटे फाटले असतील तर नुसते ड्रायव्हर बदलून भागणार नाही. ट्रॅकही बदलावा लागेल.

हे प्लॅस्टिकचं चाक दिसायला किरकोळ आहे, पण सगळी गाडी त्याच्यावर चालते. इंजिनाची ताकद क्लच, बेल्ट आणि चेनकेसमधून एका आडव्या शाफ्टवर येते, आणि शाफ्टवर घट्ट बसवलेली ही दातेरी चाकं ट्रॅक ओढतात. या चाकामागे एका बापाचं दुःखही आहे. क्वेबेकमधल्या व्हॅलकोर गावी जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए नावाचा मेकॅनिक राहत होता. बर्फावरच्या वाहनाचे प्रयोग तो पोरवयापासून करत होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा लहानगा मुलगा पोटाच्या विकाराने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, इस्पितळ गाठता आलं नाही आणि मूल गेलं. त्यानंतर त्याने ध्यास घेऊन रबराने मढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा तयार केला. त्याचं पेटंट १९३७ साली मिळालं. सात माणसं बसतील अशी त्याची बी-७ ही गाडी त्याच सुमारास निघाली. पुढे त्याच्या गाड्यांनी हिवाळ्यात रुग्ण, टपाल आणि शाळेची मुलं वाहिली. हल्लीची छोटी स्की-डू १९५९ची. तेव्हा काम सुरू करताना ‘प्लॅस्टिकचा तुकडा तर आहे’ असं म्हणू नकोस.

नवे ड्रायव्हर मागवण्याआधी ट्रॅकची पिच मोज. एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. जुन्या १२१ इंची ट्रॅकमध्ये ती बहुधा २.५२ इंच असते: असे ४८ भाग मिळून १२०.९६ इंच होतात. २.८६ इंच पिचचा ट्रॅकही सर्रास मिळतो, आणि एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. एकच भाग मोजलास तर चूक होईल. दहा भागांचं अंतर मोज आणि त्याला दहाने भाग.

दात्यांची संख्या मात्र बदलू नकोस. बाहेरच्या बाजूला उंच रबरी पट्ट्या असलेला ट्रॅक बसावा म्हणून काहीजण आठऐवजी सात दात्यांचे ड्रायव्हर घालतात. २.८६ पिचवर आठ दाते एका फेऱ्यात २२.८८ इंच ट्रॅक ओढतात, सात दाते २०.०२. जिथे वेगमापक त्याच शाफ्टचे फेरे मोजतो, तिथे तो ८० दाखवेल तेव्हा गाडी ७०नेच पळत असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मामा एकदा स्वतः चुकून शिकला. अनेक गाड्यांचा शाफ्ट षट्कोनी असतो. ड्रायव्हर शेजारच्या बाजूवर बसवला की तो ६० अंश फिरतो. आठ दात्यांच्या चाकात दोन दात्यांमधलं अंतर ४५ अंश. म्हणजे दुसरं चाक एक बाजू चुकून बसवलं, तर त्याचे दाते पहिल्यापेक्षा १५ अंशांनी पुढे-मागे होतात. नऊ दात्यांचं चाक तर नेमकं अर्ध्या दात्याने चुकतं. मग एक चाक ट्रॅकला धरतं, तेव्हा दुसरं उंचवट्याच्या डोक्यावर चढलेलं असतं. मामाच्या गाडीत वेग वाढला की मांडीपर्यंत थरथर यायची. सगळं पुन्हा खोलावं लागलं आणि ट्रॅकचे नवे उंचवटे तेवढ्यात खरवडले गेले होते. म्हणून जुनी चाकं काढण्याआधी शाफ्टच्या एकाच बाजूवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढ, प्रत्येक चाकाचं शाफ्टच्या टोकापासूनचं अंतर कागदावर लिही, फोटो काढ. नव्या चाकांवर खूण असेल तर सगळ्या खुणा त्याच बाजूवर आण. नसेल तर दाते एका ओळीत येतात का, ते सरळ पट्टी लावून पाहा.

चाकं हातोडीने ठोकू नकोस. प्लॅस्टिक तडकतं, शाफ्टला चरे पडतात. हायड्रॉलिक प्रेस हवा, आणि दाब चाकाच्या मध्याजवळ यावा, दात्यांवर नको. नवी चाकं गरम पाण्यात ठेव, शाफ्टला साबणाचं पाणी लाव. उणे वीस अंशांच्या गॅरेजात पडलेलं प्लॅस्टिक काचेसारखं वागतं.

शाफ्ट बाहेर आलाच आहे, तर दोन्ही बेअरिंगं हाताने फिरवून बघ. जराही खरखर लागली तर बदल. चेनकेसमध्ये नवं तेल भर. मागचा भाग उचलून ट्रॅक फिरवशील तेव्हा स्टँड पक्का हवा आणि गाडीच्या मागे कोणी उभं नको. ट्रॅकमध्ये अडकलेला खडा किंवा बर्फाचा गोळा गोळीसारखा सुटतो. आधी हळू फिरव, ट्रॅक दोन्ही बाजूंनी सारखा चालतो का ते बघ, मगच बर्फावर ने. पहिल्या फेरीनंतर ताण पुन्हा मोज.

प्रेस मामाकडे आहे. शनिवारी ड्युलुथहून निघताना शाफ्ट घोंगडीत गुंडाळून आण, सोबत मापांचा कागद. रस्त्यात बर्फ असेल तर मुक्काम कर, आणि पोचल्याबरोबर घरी फोन लाव.

तुझा,
मामा