दीर्घ सायकलप्रवासातील आहारयोजना : श्रमहर गणाचा विचार

मंचरहून घोडेगाव-डिंभेमार्गे भीमाशंकर, आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज, जुन्नरहून नाणेघाट या रस्त्यांवर सुटीच्या पहाटे सायकलस्वार दिसतात. ‘ब्रेव्हे’ या उपक्रमात तर २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असते. असा सायकलस्वार वैद्याकडे किंवा औषधालयात येऊन ‘शक्तीसाठी काहीतरी द्या’ असे म्हणतो, तेव्हा चूर्णाच्या डबीआधी त्याच्या आहाराची चौकशी व्हावी.

व्यायाम अर्धशक्तीने करावा असा शास्त्रादेश आहे. चरकाचार्यांनी अतिव्यायामापासून श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक श्वास, कास, ज्वर व छर्दी हे विकार सांगितले आहेत. दिवसभराचा घाटप्रवास या अतिव्यायामातच मोडतो; त्यास दिनचर्येतील व्यायामाचे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. भोजनोत्तर व्यायाम निषिद्ध खरा, परंतु आठ-दहा तासांचे श्रम अनशनानेही निभत नाहीत. स्नायू व यकृतातील ग्लायकोजेनचा साठा जोरकस श्रमात दीड-दोन तासांतच बराच उतरतो. म्हणून प्रवासातील अन्न लघु, द्रवप्राय व अल्पमात्र असावे आणि ते वारंवार घ्यावे.

आदल्या रात्री नेहमीचेच, पण सुपाच्य जेवण लवकर घ्यावे. निघण्यापूर्वी दोन-तीन तास मऊ भात-तूप किंवा तांदळाची पेज पुरे. नारायणगावची मिसळ परतीच्या वाटेवरही जपूनच खावी. चढाच्या आधी तर तिचे नाव काढू नये!

प्रवासातील द्रव्यांसाठी चरकसंहितेतील श्रमहर महाकषाय पाहावा. द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक ही ती दहा द्रव्ये. यांतील बहुतेक मधुर, तर्पक व सहज शर्करा पुरविणारी आहेत, हे आजच्या क्रीडावैद्यकाशी सुसंगत आहे. जुन्नरच्या मातीत द्राक्षे व ऊस पिकतात, म्हणजे हा गण घराजवळच आहे. दीर्घ श्रमात ताशी साधारण ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे क्रीडावैद्यक सांगते. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात, चार-पाच लहान खजुरांतही जवळपास तितकीच. दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडात टाकले की हिशोब जमतो. मात्र केळ्यावर ताक पिण्याची सवय मोडावी. हा संयोग अष्टांगहृदयात विरुद्धाहारात गणला आहे.

मनुका व खजूर यांचा मंथ उत्तम. शार्ङ्गधरोक्त प्रमाण एक पल द्रव्यास चार पल शीतजल असे आहे. सायकलच्या बाटलीसाठी ते आणखी पातळ करून गाळावे आणि लिटरमागे सुमारे पाव चहाचा चमचा सैंधव घालावे. तहान लागेल तसे प्यावे. नुसते पाणी अतिप्रमाणात प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून छर्दी, शिरःशूल व संभ्रम उद्भवतात. हीच लक्षणे ‘पाणी कमी पडले’ समजून आणखी पाणी पाजल्यास प्रसंग प्राणावर बेततो. संभ्रम दिसताच रुग्णालय गाठावे. रक्तदाबाच्या रुग्णास लवण आणि इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या मधुमेह्यास हा सारा प्रवासच त्याच्या चिकित्सकाच्या संमतीशिवाय सांगू नये.

प्रवासानंतर थोडी विश्रांती घेऊन तूप घातलेली मुगाची खिचडी, मांसाहारी व्यक्तीस मांसरस द्यावा. काही वेळाने स्वतंत्रपणे दूध चालते.

आता आपल्या भागातील एक खास मुद्दा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरडा विपुल. कोठा साफ राहावा म्हणून प्रवासाच्या आदल्या वा त्याच रात्री तो घेण्याचा मोह सहज होतो. भावप्रकाशाने अध्वखिन्न, दुर्बल, रूक्ष, कृश व लंघनकर्शित यांना हरीतकी वर्ज्य सांगितली आहे. दमून आलेला सायकलस्वार यांत तंतोतंत बसतो. त्यास हिरडा दोन दिवसांनी, आवश्यकता पाहूनच द्यावा.

औषधालयाच्या मालकांनी आणखी एक विचारावे : ग्राहक अधिकृत स्पर्धेत उतरणार आहे काय? कुपीलूतील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीप्रमाणे निषिद्ध आहे आणि अग्नितुंडी वटीत कुपीलू असतो. सोमलतेतील एफेड्रिनही ठराविक मर्यादेपलीकडे मूत्रात आढळल्यास दोष लागतो. अशा ग्राहकास मिश्र योग देताना घटकद्रव्यांची यादी त्याच्या हाती लिहून द्यावी.