गुदभ्रंश : एक अवघड दुखणे

आमच्या आजीला सहा वर्षे मूळव्याध आहे, असेच घरात सर्वजण धरून चालले होते. चूर्णे झाली, सुरणाची भाजी झाली. अखेर इस्पितळात नेले. डॉक्टरीणबाई कन्नड बोलणाऱ्या, आजीला मराठीखेरीज काही येत नाही, दुभाषी मी. आजी बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आंग भाईर येतंय गं." तो गुदभ्रंश होता.

मूळव्याधीत गुदद्वारातील रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजून खाली येतात. पूर्ण गुदभ्रंशात गुदाशयाची सबंध भिंतच, मोजा उलटावा तशी, बाहेर येते. तिच्यावर गोल वळ्या दिसतात, त्यावरून डॉक्टर ओळखतात. रोग जुनाच. सुश्रुताने शेकून, तेल लावून गुद आत सारावे व मध्ये छिद्र ठेवलेल्या चामड्याचा गोफणबंध बांधावा, असे सांगितले आहे.

प्रौढांत खरा इलाज शस्त्रक्रियेचा. पोटातून गेल्यास गुदाशय वर ओढून त्रिकास्थीला टाक्यांनी बांधतात. खालून दोन प्रमुख रीती : देलोर्मची, १९०० सालची, अस्तर सोलून स्नायूला चुण्या घालण्याची, आणि आल्टमायरची, बाहेर आलेले आतडे कापून उरलेले जोडण्याची. पोटातली टिकते, खालची म्हाताऱ्यांना सोसते, असा शल्यविशारदांचा जुना ठोकताळा.

तो तपासण्यासाठी ब्रिटनमधून 'प्रॉस्पर' ही चाचणी झाली. २००१ ते २००८ या काळात रुग्ण मिळाले २९३. निष्कर्ष २०१३ साली छापून आले. आल्टमायरनंतर २४ टक्के रुग्णांत दुखणे उलटले, देलोर्मनंतर ३१ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पोटातून की खालून, या मुख्य प्रश्नासाठी तर चिठ्ठ्या टाकून वाटता आले अवघे ४९ रुग्ण. त्यांतल्या ज्यांचा हिशेब लागला, त्यांत खालून केलेल्या २५ पैकी ५ आणि पोटातून केलेल्या १९ पैकी ५ जणांचे दुखणे उलटले. एवढ्या आकड्यांवर मी निष्कर्ष काढला, तर आमचे संख्याशास्त्राचे सर उत्तरपत्रिका तोंडावर फेकतील! मात्र सर्वच गटांतील रुग्णांचे जगणे शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ सुधारले, हे त्याच चाचणीत दिसले.

आजीची खालून केली. "परत येईल काय?" तिने विचारले. बाई म्हणाल्या, येऊ शकते, आले तर लगेच सांगा, लपवू नका. मी शब्दाला शब्द मराठीत सांगितले. आजी म्हणाली, "तुलाच सांगीन. तुझ्या बापाला नको कळवूस."